व्हेंट पाइप: छोटं घर स्वतः उभं राहून बांधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पाचशे ते हजार चौरस फुटांचं घर, तळमजला किंवा फार तर वर एक मजला, मागे सेप्टिक टँक, कामाला एक गवंडी आणि अधूनमधून येणारा प्लंबर. असं घर बांधून घेणाऱ्या मालकांसाठी हे पान आहे. मंजुरीच्या नकाशात ड्रेनेजची एक तुटक रेघ असते, व्हेंट पाइप बहुधा नसतोच. मग तो ठरतो प्लंबर येईल त्या दिवशी. तोवर जोत्याचं काम झालेलं असतं आणि भिंती उभ्या असतात.

व्हेंट पाइपमधून नेमकं जातं काय?

फक्त हवा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल गचके खात येतं, समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. व्हेंट पाइप म्हणजे ते दुसरं भोक.

संडासाच्या भांड्याच्या वाकात, मोरीच्या जाळीखाली, बेसिनखालच्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. हा ट्रॅप. साचलेल्या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, असावी लागते. सेप्टिक टँकमधला गॅस आणि तुमचं न्हाणीघर यांच्यामध्ये एवढं दोन इंच पाणीच उभं असतं. फ्लशचं सहा ते दहा लिटर पाणी एकदम पाइपात उतरतं तेव्हा ते पुढची हवा दाबतं आणि मागून हवा ओढतं. ओढायला मोकळी हवा मिळाली नाही, तर जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. पुढची हवा अडकली, तर ती ट्रॅपमधून बुडबुडे काढत घरात येते. मोरीतून येणारा ‘गुडगुड’ आवाज तो हाच. छपराच्या वर उघडं तोंड असलेला एक पाइप या दोन्ही गोष्टी सोडवतो, शिवाय टाकीतला गॅस डोक्यावरून निघून जातो.

आजोबांच्या घराला असा पाइप नव्हता. तिथे कधी वास आला नाही.

आला नसेलही, कारण तिथे बंद पाइपच नव्हते. संडास परसात, मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर आणि तिथून उघड्या पन्हाळीने केळी-अळूच्या आळ्यात. पाण्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी हवा होती. आता संडास झोपायच्या खोलीला लागून, पाइप फरशीखाली आणि टाकी झाकणबंद. हवा आत-बाहेर जायच्या सगळ्या वाटा आपणच बुजवल्या, तेव्हा एक मुद्दाम ठेवावी लागते.

आमच्याकडे सेप्टिक टँक नाही, दोन शोषखड्ड्यांचं शौचालय आहे. तरी लागेल?

नाही. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत खड्ड्याच्या भिंतीला भोकं असतात आणि गॅस मातीत जिरतो. त्यातल्या ग्रामीण भांड्याच्या ट्रॅपमध्ये पाणीही कमी, साधारण २० मिलिमीटरच, कारण ते तांब्या-बादलीने ओतून वापरायचं असतं. अशा खड्ड्यावर पाइप उभा केलेला बऱ्याच गावांत दिसतो. गरज नसताना केलेला तो खर्च आहे. मात्र पुढे त्याच घरात फ्लशची टाकी आणि सेप्टिक टँक करणार असाल, तर पुढचे सगळे प्रश्न तुम्हालाही लागू.

परदेशी व्हिडिओत प्रत्येक बेसिनला, प्रत्येक सिंकला वेगळा व्हेंट दाखवतात. आपणही तसं करायचं का?

गरज नाही. तिकडच्या लाकडी घरांत प्रत्येक साधनाचा पाइप भिंतीच्या पोकळीतून थेट मुख्य लाईनला जातो, म्हणून प्रत्येक ट्रॅप सांभाळावा लागतो. आपल्याकडे बेसिनचं पाणी बहुतेक वेळा मोरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, किंवा मल्टी फ्लोअर ट्रॅपमध्ये, म्हणजे एकाहून जास्त पाइप येऊन मिळतात अशा ट्रॅपमध्ये, सोडतात. तिथे जाळीखाली हवा असते, त्यामुळे बेसिनच्या पाइपला हवेची वाट आपोआप मिळते. सांभाळायचा ट्रॅप एकच उरतो.

स्वयंपाकघराचंही तसंच. सिंकचा पाइप भिंतीबाहेर काढून गली ट्रॅपच्या, म्हणजे घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपच्या, जाळीवर सोडला आणि अंतर थोडं असलं, की वेगळा व्हेंट लागत नाही. गली ट्रॅपमध्ये स्वतःचं पाणी असतं, ते चेंबरचा, म्हणजे ड्रेनेजचे पाइप जिथे येऊन मिळतात त्या झाकणाच्या हौदाचा, वास अडवतं. जुन्या गवंड्यांची ही पद्धत आहे आणि तळमजल्याच्या घराला तिच्याहून चांगली दुसरी मला माहीत नाही. बाहेर गली ट्रॅप ‘बरा दिसत नाही’ म्हणून सिंकचा पाइप थेट चेंबरला जोडणारे भेटतात. मग झुरळं थेट ओट्यापर्यंत येतात.

पाइप लांब न्यावाच लागत असेल, तर अंदाजाला ब्रिटनच्या बांधकाम नियमांतले आकडे उपयोगी पडतात. वेगळा व्हेंट न देता बेसिनचा ३२ मिलिमीटरचा पाइप उभ्या मुख्य पाइपापासून १.७ मीटर, ४० मिलिमीटरचा ३ मीटर, ५० मिलिमीटरचा ४ मीटर आणि संडासाचा १०० मिलिमीटरचा ६ मीटरपर्यंत चालतो. यापुढे गेलात की हवेची सोय करा.

मग माझ्या घराला नेमके किती पाइप?

समजा २४ बाय ३० फुटांचं तळमजल्याचं घर आहे. मागच्या भिंतीला संडास आणि न्हाणीघर, त्याला पाठ लावून स्वयंपाकघर, पलीकडे परसात टाकी. संडासाचा चार इंची पाइप भिंतीबाहेर पडतो तिथेच त्यावर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घ्या आणि तिच्या वरच्या तोंडातून पाइप भिंतीलगत सरळ छपरापार न्या. हा पहिला. दुसरा सेप्टिक टँकवरचा. मोरी आणि सिंक गली ट्रॅपमध्ये. झालं, दोन पाइप.

नियम लक्षात ठेवायचा तो असा की व्हेंट लाईनच्या सुरुवातीला हवा, म्हणजे टाकीपासून सगळ्यात लांबच्या टोकाला. संडास दोन असतील, एक पुढे आणि एक मागे, तर व्हेंट लांबच्या संडासाजवळ. दोघांचं अंतर बरंच असेल, तर दोन्हीकडे द्या. पण मी तर म्हणेन की नकाशाच बदला. सगळं ओलं काम एका भिंतीच्या दोन बाजूंना आणलं की ड्रेनेजचे निम्मे प्रश्न जन्मालाच येत नाहीत. पाहुण्यांसाठी म्हणून हॉलच्या कोपऱ्यात एकटा संडास काढायचा हट्ट या बाबतीत फार महाग पडतो.

हे सगळं कधी ठरवायचं?

जोत्यात भराव घालण्याआधी. भिंतीतून पाइप बाहेर काढायची जागा, त्याची पातळी आणि बाहेरच्या भिंतीवर उभ्या पाइपाची जागा या तिन्ही खुणा चुन्याने किंवा रंगाने करून ठेवा. उभ्या पाइपाच्या वाटेत खिडकीवरचा छज्जा, बीमचं टोक किंवा गॅलरी येत नाही ना, हे तेव्हाच बघा. छज्जा आडवा आला की प्लंबर दोन बेंड टाकून पाइप फिरवतो, आणि बेंड आला की तिथे पक्ष्याचं काड्या-गवत, पालापाचोळा अडकायला जागा झाली. पाइप स्लॅबमधून न्यायचा असेल, तर स्लॅब ओतायच्या आधी तिथे मोठ्या मापाच्या पाइपाचा तुकडा सोडा. नंतर स्लॅब फोडून केलेलं भोक पहिल्या पावसात गळतं.

कोणत्या मापाचा आणि कोणत्या प्रतीचा पाइप?

संडासाची लाईन ११० मिलिमीटर, म्हणजे बाजारभाषेत चार इंची. तिच्यावरचा व्हेंट ७५ मिलिमीटरचा घ्या. ५० मिलिमीटरचाही छोट्या घराला हवा पुरवतो, पण त्यात मधमाश्या, कुंभारीण माशीचं घर किंवा पालापाचोळा अडकला की संपलं. उंची दहा-पंधरा फूटच असते, तिथे एक माप वर गेल्याने खर्चात फारसा फरक पडत नाही.

घेताना पाइपावरचा छाप वाचा. एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याच्या, पाइपासाठी आयएस १३५९२ हे भारतीय मानक आहे आणि त्यात दोन प्रकार येतात. ए प्रकार पातळ, व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी. बी प्रकार जाड, मैला आणि सांडपाण्यासाठी. व्हेंटला ए चालतो. पण पाइप दिवसभर उन्हात राहणार असेल किंवा गावात माकडं असतील, तर बी घ्या. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उघडा पीव्हीसी काही वर्षांत ठिसूळ होतो. भिंतीचा रंग देताना त्यालाही दोन हात द्या.

उतार किती आणि व्हेंट लाईनवर कसा घ्यायचा?

चार इंची आडव्या पाइपाला ४० फुटाला १ फूट, सहा इंचीला ६० फुटाला १ फूट. व्हेंटचा फाटा आडव्या पाइपाच्या वरच्या बाजूने निघाला पाहिजे. कुशीतून काढला तर मैला त्यात शिरून हळूहळू तोंड बुजतं, आणि वरून काही कळत नाही. पुढे तो कुठे आडवा न्यावा लागलाच, तर उतार लाईनकडे परत येणारा ठेवा, म्हणजे आत जमलेलं दव आणि पावसाचे थेंब परतीच्या वाटेने जातील. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचतं आणि हवा बंद. दोन व्हेंट एकत्र करायचे असतील, तर बेसिनच्या काठापेक्षा अर्धा फूट तरी वर करा. त्याखाली जोडलेत, तर लाईन तुंबल्यावर सांडपाणी व्हेंटमधून वाट काढेल आणि तुंबलंय हेच कळणार नाही.

वरचं टोक किती उंच?

छपराच्या वर किमान ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट. गच्ची वापरातली असेल, तर २ मीटर. आपल्याकडे गच्ची वापरात नाही असं घर विरळाच. पापड, कपडे, मे महिन्यातली अंथरुणं, सगळं तिथेच. त्यामुळे साडेसहा फूट धरूनच चला. पाच मीटरच्या आत खिडकी असेल, तर टोक तिच्या वरच्या कडेपेक्षाही २ मीटर उंच हवं. खिडकी शेजाऱ्यांची असली तरी हाच हिशेब. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते, तिथे भांडणाचं हे एक ठरलेलं कारण आहे.

प्रत्यक्षात दिसतं काय? कठड्याच्या उंचीला कापलेला पाइप, ‘एलेव्हेशन बिघडतं’ म्हणून. किंवा पाण्याच्या टाकीच्या स्टँडखाली संपलेला पाइप, म्हणजे टाकीचं झाकण उघडलं की गॅसची भेट. पाण्याची टाकी, सोलर हीटर आणि व्हेंट यांच्या जागा एकाच कागदावर काढा, एवढं पुरतं.

वाऱ्याबद्दलही विचारतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून व्हेंट घराच्या पूर्वेला असलेला बरा, असं गणित निघतं. ते हिवाळ्यात उलटतं. त्यातून वास्तुशास्त्रवाल्यांना ईशान्येला संडास चालत नाही, म्हणजे व्हेंटही तिकडे येत नाही. वाऱ्याच्या दिशेवर फार डोकं शिणवू नका, उंची राखा.

छप्पर कौलारू आहे. कौलं फोडून पाइप काढायचा?

शक्यतो नाही. कोकणातल्या पावसात कौलातून किंवा पत्र्यातून काढलेल्या पाइपाभोवती कितीही डांबर लावलं तरी ते दर वर्षी बघावं लागतं. पाइप भिंतीबाहेरून न्या, पागोळीच्या पुढे दोन ४५ अंशांच्या बेंडने वळवा आणि छपराच्या वर चढवा. पागोळीखालीच सोडून दिला तर गॅस वाशांखाली शिरतो आणि माळ्यावर वास भरून राहतो. दर चार-पाच फुटांवर क्लॅम्प मारा, वरच्या मोकळ्या भागाला लोखंडी पट्टीचा आधार द्या. जून महिन्यातल्या वाऱ्यात नुसता उभा पाइप हलतो आणि खालचा जोड सुटतो.

गच्चीच्या पावसाचं पाणी याच पाइपात सोडलं तर एक पाइप वाचेल ना?

पाइप वाचेल, बाकी सगळं जाईल. जोराच्या पावसात उभा पाइप पाण्याने भरून वाहतो. त्याच वेळी कुणी फ्लश केलं तर हवेला जागाच नसते आणि तळमजल्याच्या भांड्यातून पाणी वर येतं. त्याहून वाईट म्हणजे ते सगळं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या पुढे पाणी होतं. छोट्या टाकीत एवढं पाणी शिरलं की तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो आणि शोषखड्डा कायमचा बुजतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर असा पाऊस एका दिवसात पडणं नवलाचं नाही.

गंमत म्हणजे हे बहुतेक वेळा मालक करतच नाही. पाच वर्षांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला आलेला माणूस जवळ उभा पाइप दिसला म्हणून पन्हाळीचं तोंड त्यात घालतो. म्हणून व्हेंटवर तेल रंगाने ठळक लिहून ठेवा: ‘व्हेंट, पाणी सोडू नये’.

वर एक मजला आहे. काय बदलतं?

वरच्या संडासाचा उभा पाइप त्याच मापात, चार इंचीच, छपरापार न्या. वेगळा व्हेंट पाइप त्याला लागत नाही. तोच वर हवा घेतो आणि खाली मैला नेतो. घोळ होतो तो तळाशी. उभ्या पाइपातून आलेलं पाणी खालच्या बेंडवर आपटतं आणि तिथे हवेचा दाब तयार होतो. तळमजल्याचा संडास त्या बेंडच्या जवळच जोडलेला असेल, तर वरून फ्लश केल्यावर खालच्या भांड्यात पाणी उसळतं. दोन उपाय आहेत. तळाला ९० अंशांचा एक बेंड न टाकता ४५ चे दोन टाका. आणि तळमजल्याचा संडास उभ्या पाइपाला न जोडता स्वतंत्र पाइपाने थेट चेंबरला न्या. जोडायचाच असेल, तर बेंडपासून निदान दीड फूट वर.

हवा आत घेणारा, पण गॅस बाहेर न सोडणारा व्हॉल्व्ह मिळतो म्हणे. तो लावून पाइप टाळता येईल?

असा एकमार्गी व्हॉल्व्ह मिळतो. लाईनमध्ये ओढ तयार झाली की त्यातली रबरी झडप उघडते, एरवी बंद. लांबच्या एखाद्या बेसिनपाशी तो कामाचा आहे. पण तो आतला दाब बाहेर सोडत नाही, म्हणून घराला निदान एक व्हेंट छपरावर उघडा हवाच. सेप्टिक टँकवर तर तो अजिबात नाही, तिथे गॅस बाहेर जाणं हाच उद्देश आहे. शिवाय रबर कधीतरी बदलावं लागतं, तेव्हा टाइल्सच्या मागे चिणून टाकू नका.

सेप्टिक टँकला वेगळा पाइप लागतोच का? घराचा व्हेंट आहे की.

लावाच. टाकीत मैला कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. दुसरा वायू सडक्या अंड्याच्या वासाचा, विषारी आणि काँक्रीटचा शत्रू. स्लॅबच्या खालच्या बाजूला त्याचं आम्ल होतं आणि सळ्या उघड्या पडतात. सेप्टिक टँकच्या मानकात, म्हणजे आयएस २४७० मध्ये, किमान ५० मिलिमीटर व्यासाचा पाइप सांगितला आहे. टाकी जवळच्या इमारतीपासून १५ मीटर किंवा अधिक लांब असेल, तर साधारण २ मीटर उंच. त्याहून जवळ असेल, तर इमारतीच्या माथ्यावर २ मीटर. आपल्या दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर १५ मीटर मिळणं कठीण. म्हणून हा पाइपही जमिनीतून घराच्या भिंतीपर्यंत आणा आणि भिंतीला धरून वर न्या. टाकीवर चार फुटांचा पाइप उभा करून सोडला की वास नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीत येतो.

व्हेंट आहे म्हणून टाकी सुरक्षित झाली असं समजू नका. कुणालाही आत उतरवू नका, झाकणाजवळ काडी किंवा बिडी पेटवू नका. टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवा. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकी साफ करायला उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

टोकावर टोपी लावायची की जाळी?

दोन्ही. खाचा असलेली टोपी, म्हणजे व्हेंट काऊल, पक्षी आणि पाऊस अडवते. डास तिच्यातून सहज जातात. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाची पैदास सेप्टिक टँकमध्ये होते, म्हणून हिवताप विभागाची माणसं व्हेंटला जाळी बांधा सांगत फिरतात. नायलॉनची किंवा स्टीलची मच्छरदाणीसारखी जाळी तारेने बांधा आणि पावसाळ्याआधी एकदा झाडून घ्या. घट्ट कापड बांधलं तर डासांबरोबर हवाही बंद होते.

व्हेंट बरोबर आहे, तरी वास येतो.

मग ट्रॅप कोरडा असेल. मुंबईकरांची गावाकडची घरं गणपतीनंतर बंद होतात ती मे महिन्यात उघडतात. तोवर मोरीतलं पाणी उडून गेलेलं असतं. त्याला व्हेंट काही करू शकत नाही. निघताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे गोडेतेल सोडा, तेलाच्या थरामुळे पाणी उडायचं प्रमाण बरंच कमी होतं. घर वापरात असेल, तर बेसिनचा लवचिक पाइप जिथे फरशीत शिरतो ती फट, संडासाच्या भांड्याचा बुडखा आणि चेंबरचं झाकण या तीन जागा तपासा. स्वस्तातली उथळ नहाणी ट्रॅप बसवली असेल, तर ती बदलण्यावाचून उपाय नाही.

फरशी टाकण्याआधी तपासायचं कसं?

लाईन टाकीला जोडण्याआधी खालचं तोंड बुचाने बंद करा, वरून पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर कुठलातरी जोड गळतोय. भांडी बसल्यावर दुसरी तपासणी: वरचा फ्लश ओढा, त्याच वेळी बादलीभर पाणी मोरीत ओता आणि दुसऱ्या माणसाला टॉर्च घेऊन खालच्या भांड्याकडे बघायला सांगा. पाणी जरासं हललं तर हरकत नाही. खाली उतरून तिथेच राहिलं किंवा बुडबुडे आले, तर हवेची वाट कुठेतरी अडली आहे.

घर बांधून झालंय, व्हेंट राहिला. आता?

तळमजल्याच्या घराला हे फार अवघड नाही, फरशी फोडावी लागत नाही. संडासाचा पाइप भिंतीबाहेर निघून पहिल्या चेंबरला जातो, तेवढा तुकडा उकरा. तिथे टी घालून पाइप भिंतीवरून वर न्या. टी झाकणाची घेतली तर पुढे तुंबलेली लाईन तिथूनच मोकळी करता येते. बाहेर अजिबात जागा नसेल, तर पहिल्या चेंबरच्या भिंतीत, झाकणाच्या जरा खाली, ७५ मिलिमीटरचा पाइप बसवून तो वर न्या. वरच्या मजल्याचा उभा पाइप गच्चीखालीच बुच मारून संपवलेला असेल, तर तेवढं बुच काढून पाइप वाढवला तरी काम होतं. काम सकाळी करा आणि ते संपेपर्यंत घरात फ्लश करू नका असं सगळ्यांना सांगून ठेवा, खाली खड्ड्यात प्लंबर बसलेला असतो.